तळ्यातला नवरदेव

तळ्याकाठी पालथी पडून मी नळी तोंडात धरून पाण्यावरचं काहीतरी ओढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, तहान लागली असेल तर माझ्याकडे बिअर आहे!”

मी इतकी दचकले, की नळीला जोडलेली डबी पाण्यातच जायची! वळून पाहिलं, तर गुडघ्यापर्यंत बूट, केसांत चिखल, आणि डोळे... जाऊ दे. हा याखिम, तळ्यातल्या कार्प माशांचा राखणदार.

“मी स्प्रिंगटेल गोळा करतेय,” मी फणकाऱ्याने म्हणाले. “सहा पाय, तरी कीटक नव्हेत. पोटाखाली दुमडलेली शेपटी सुटली, की टुणकन उडी. त्यातलाच हा गोलमटोल गट.”

“मग चेहरा असा रडवेला का?”

सांगितलं मग. जात ओळखायची तर नर हवा, त्याच्या मिशांवरून नाव ठरतं. तीन दिवसांत एकही नर नाही! आणि उद्या मासे धरायला तळं रिकामं होणार. म्हणजे माझा प्रबंध बुडालाच.

याखिम सरळ माझ्या शेजारी आडवा झाला. बाहीला बाही लागली... मी सरकले नाही. त्याने माझं भिंग घेतलं.

“ही जाडी मिशांवर कुणाला उचलून फिरतेय?”

“पिल्लू असेल. पिल्लं मी सोडून देते.”

“पिल्लू? अहो बाई, पिल्लू आईच्या मिशांत मिशा अडकवून इतकं मजेत लटकतं का? नवरदेव आहे हा!”

मी भिंग हिसकावलं. इवलासा जीव, मिशांना आकड्यासारखं वळण, पाय हवेत! अगं बाई... तीन दिवस मी नवरेच परत सोडत होते! आनंदाने मी याखिमच्या गळ्यातच पडले.

“सॉरी...”

“असू दे,” तो हळूच म्हणाला. “माझेही पाय टेकत नाहीयेत.”

जोडी अल्कोहोलच्या बाटलीत गेली. आत चिठ्ठी टाकायची असते — जागा, तारीख, कुणी गोळा केलं. शाई अल्कोहोलमध्ये विरते, म्हणून पेन्सिलीने मी माझं नाव लिहिलं, ‘ब्लाझेना’. थांबले... आणि पुढे लिहिलं, ‘आणि याखिम’.

त्याचे कान लाल झाले. “दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. शंभर वर्षं पुसली जाणार नाहीत.”

“चारला शेवटची बस सुटते, चुकेल हं तुझी...”

“चुकू दे,” मी म्हटलं. “मला तू आवडलायस.”