साच्यात सापडलेली रिकामी जागा

इराकमधल्या बसऱ्यात त्या दुपारी जनरेटर नीट चालला होता, एवढं आठवतं. मी तुमादिरच्या शेजारी बसलो होतो. आमच्या दैनिकाची संगणकाची कामं ती बघायची. संपादक अबू मुर्तजाने हुकूम काढला होता: निदर्शनात उचलून नेलेल्या त्या पोराचं नाव जुन्या बातम्यांतून पुसा.

बातम्या माझ्या होत्या. त्याला कोणत्या गाडीत कोंबलं, ते मी लिहिलं होतं. छापील अंक कचेरीला लागलेल्या आगीत गेले होते. त्याच्या आईचा कोर्टातला दावा आता संगणकातल्या त्या प्रतींवरच उभा होता. मी भांडलो. अबू मुर्तजा म्हणाला, "माझ्या घरी पोरं आहेत, नाजी. तुझ्या घरी फक्त मांजर आहे." बातमी मी आधीच पेन-ड्राइव्हवर उतरवून खिशात टाकली होती, म्हणून गप्प बसलो.

तुमादिरने पायथन या संगणकाच्या भाषेत ते नाव शोधणारा साचा लिहिला. नेमका शब्द द्यायचा नाही, त्याची ठेवण द्यायची. आमचे जुळारी ओळ भरायला अरबी अक्षरं ताणतात, कुणी मध्ये स्वरचिन्हं टाकतं. म्हणून तिने प्रत्येक अक्षरानंतर 'काहीही चालेल' अशी मोकळीक ठेवली. सापडलेलं सगळं पडद्यावर पिवळं झालं.

"थांब," मी म्हणालो. "ही त्याची आई आहे."

आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अमक्याची आई. मीही तिला बातमीत तेच म्हटलं होतं. मुलाच्या नावाबरोबर तीही पिवळी झाली होती.

"साच्याला आई कळत नाही, उस्ताद," तुमादिर म्हणाली. "तुमच्या काळी सेन्सॉरवाले शाई ओतायचे. त्यांना कळायची?"

तिने पुसायची कळ दाबली.

मग खात्रीसाठी तोच साचा पुन्हा फिरवला. काहीच सापडायला नको होतं. पण पिवळं उमटलं. फुटबॉलच्या निकालात, हवामानात, खजुराच्या भावात... दोन शब्दांच्या मध्ये पिवळी पट्टी, आणि तिच्यात अक्षर नाही.

"माझीच चूक," ती म्हणाली. "शून्य अक्षरंही चालतील असं लिहिलं की साचा रिकाम्या जागेलाही जुळतो." तिने ते बदललं. निदान एक अक्षर हवंच, असं केलं. फिरवलं.

पट्ट्या तशाच राहिल्या.

तिने एका पट्टीत कर्सर नेला. बाणाची कळ दाबली. कर्सर हलला. पुन्हा दाबली, पुन्हा हलला. नाव जेवढं लांब होतं, तेवढा वेळ तो त्या रिकाम्या जागेतून चालत राहिला. तुमादिरने हात मांडीवर घेतले.

मी खिशातला पेन-ड्राइव्ह काढून लावला. माझी बातमी उघडली. तिच्यातही तेवढीच जागा रिकामी होती.

मला राग यायला हवा होता. तीस वर्षं रागावरच पोट भरलंय. पण आत काहीच हललं नाही. वाळलेल्या लिंबाचा चहा समोर होता, तो मी प्यायलो. चव लागली नाही.

टेबलावरचा फोन वाजला.

"उस्ताद नाजी? मी...ची आई बोलतेय."

मधली जागा खरखरली नाही. आवाज तुटला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, ओठ हलल्याचंही ऐकू आलं. नुसता शब्द नव्हता.

"उद्या तारीख आहे. वकील म्हणतो, बातमीत त्याचं नाव दिसत नाही. तुम्ही येऊन नुसतं तोंडाने सांगाल ना? तुम्हीच तर लिहिलं होतं..."

मी सांगणार होतो. येतो म्हणणार होतो. तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली आणि पुढचं अक्षर शोधू लागलो.

"खाला," मी म्हणालो, "कुणाची आई?"

तिच्या मागून, अगदी फोनला तोंड लावल्यासारखा, एक तरुण आवाज हसला, आणि पोरगा आईला सांगतो तसा म्हणाला:

"बघ यम्मा... म्हटलं नव्हतं, तोही विसरेल?"