चौथ्या खोलीतली पेशंट

बुधवारी सकाळी शिंपी आपल्या मुलीला घेऊन वहिनींच्या घरी आला, तेव्हा भाऊजी शब्दकोडं अर्ध्यावर टाकून पेन्सिलीला टोक काढत बसले होते. शिंप्याच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती. दुकानातून उठून तो तडक आला असावा. मुलीचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार आहे," ती म्हणाली. "मला कॉलेजातून काढतील आणि पोलिसांच्या हवाली करतील. मी एका बाईचा जीव घ्यायला निघाले होते, असं त्यांचं म्हणणं आहे."

वहिनींनी बावीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या लोकांच्या भानगडी निस्तरू लागल्या आणि त्यात त्यांचं नाव झालं. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. वहिनी विचारत, भाऊजी लिहून घेत. लिहिलेल्यातून त्यांना फारसं काही उमगत नसे, पण अक्षर मोत्यासारखं होतं.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

मुलगी सांगू लागली. ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. मंगळवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. नऊ खोल्या, प्रत्येक खोलीत एक पेशंट, आठ मिनिटांनी घंटा झाली की पुढच्या खोलीत. हे पेशंट खरे नसतात. आजारी असल्याचं सोंग वठवणारी माणसं असतात ती. त्यांतली सगळ्यात तरबेज होती हुकमी मावशी. तरुणपणी रंगभूमीवर वावरलेली ही बाई दहा वर्षं कॉलेजात पेशंट होत होती. हुकूम सोडला की आजारी पडते, म्हणून पोरांनी तिला हे नाव दिलं होतं.

मंगळवारी मावशीच्या वाट्याला भूमिका आली होती रक्तातली साखर उतरलेल्या बाईची. बाकीच्या आठ खोल्या उरकून मुलगी पावणेअकराला चौथ्या खोलीत गेली तेव्हा मावशी थरथरत होती, असंबद्ध बोलत होती. कोपऱ्यातल्या परीक्षकबाई कौतुकाने पाहत होत्या. मुलीने मावशीचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा गार आणि घामाने चिंब होता.

"थरथर आणता येते, बडबड आणता येते. घाम कसा आणणार? मी ट्रेमध्ये साखर तपासायचं यंत्र शोधलं, ते नव्हतं. परीक्षकबाईंना म्हटलं, हे खरं आहे. त्या म्हणाल्या, परीक्षा चालू ठेव. तोवर मावशी खुर्चीतून खाली कोसळली होती."

मुलीने परीक्षा सोडून आरडाओरडा केला. माणसं धावली, दोघांनी तिलाच धरून बाहेर बसवलं. मावशीची साखर अठ्ठावीस भरली. ती अजून बेशुद्ध होती. आणि चौथ्या खोलीच्या ट्रेमध्ये सरावाच्या इन्सुलिनची जी बाटली असते, जिच्यात नुसतं मिठाचं पाणी असायला हवं, तिच्यात खरं इन्सुलिन निघालं. खोलीत शेवटची गेलेली ही मुलगी. आणि कुणाला ओळखू न आलेलं हिलाच कसं ओळखू आलं, हा सगळ्यांचा सवाल होता.

शिंपी खुर्चीत पुढे सरकला. आता तो म्हणाला, "बाई, माझी पोर परीक्षेत पडली तर मी सोसेन. पण हे नाही सोसवणार."

वहिनींनी एकच विचारलं. मावशीला साखरेचं सलाईन लावण्याआधी कुणी तिचं रक्त घेतलं होतं का? घेतलं होतं, मुलगी म्हणाली. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी.

"मग अजून सगळं संपलेलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

कॉलेजच्या अधिष्ठाता करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. प्रकरण बाहेर फुटायच्या आत मिटावं अशी त्यांची इच्छा होती. वहिनींना हाकलून द्यावं की मदत करावी, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये उरलेल्या रक्तावर वहिनींनी सांगितलेल्या दोन तपासण्या होतील, आणि वहिनी कुणाशीही बोलू शकतील. मात्र शुक्रवारी अकरापर्यंतच.

पहिला गाठला तो मावशीचा नवरा. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो तळहात मांड्यांवर ठेवून बसला होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. थायरॉइडची गोळी मावशी रोज घेते, त्याने सांगितलं. सात खणांची छोटी डबी दर रविवारी तोच भरतो. मावशी सोंग काढायच्या दिवशी सकाळपासून काही खात नाही, ही तिची जुनी सवय सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. आठच्या ठोक्याला तेवढी ती गोळी, घोटभर चहाबरोबर.

"डबी कुठे असते?"

"पर्समध्ये. सोमवारी खोल्या-घंटांची तालीम होती, तेव्हा पर्स दुपारभर कॉलेजच्या तयारीच्या खोलीत फळीवर होती. काल पर्स मला परत मिळाली. डबी आहे, चष्मा आहे. वही नाही."

ही कसली वही, ते त्याने सांगितलं. प्रत्येक विद्यार्थी आपल्याशी कसा वागला याचे गुण मावशी कॉलेजच्या कागदावर भरायची, आणि स्वतःच्या वहीतही उतरवून ठेवायची. नाव नाही, फक्त खूण: उंच मुलगा, घाईवाली, नखं खाणारा. पर्स आपल्याकडे आणून दिली ती परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकांनी, स्वतः येऊन. भला माणूस, असंही तो म्हणाला.

भाऊजींनी बाहेर येताच आपला निष्कर्ष सांगून टाकला. डबी नवरा भरतो, म्हणजे नवराच. वहिनी म्हणाल्या, "लिहून ठेवा. खोडरबर आहे ना जवळ?"

खोल्या सजवणारा तंत्रज्ञ आधी बोलायलाच तयार नव्हता. आपल्यावरच शेकणार, अशी त्याला धास्ती होती. नऊच्या नऊ ट्रे आपण सोमवारी दुपारीच एकसारखे लावले होते, बाटल्यांत मिठाचं पाणी आपणच भरलं होतं, हे तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. एकसारखे म्हणजे अगदी एकसारखे का, असं वहिनींनी विचारलं. तो आठवू लागला. चौथ्या खोलीतलं साखरेचं यंत्र संध्याकाळी पाच वाजता प्राध्यापकांनी काढून घ्यायला लावलं होतं. इथे लागायचं नाही, म्हणाले. तेवढा एक फरक.

अधिष्ठातांच्या सांगण्यावरून बाटलीला सील त्यानेच केलं होतं. वहिनींनी ती पिशवी मागवली. बाटलीवरची चिठ्ठी अर्धवट सुटून सुरकुतली होती.

"चिकटतच नव्हती," तो म्हणाला. "बाटली बाहेरून ओली होती, गार लागत होती. मी दोनदा पुसली. अकराला पाच कमी असतील."

भाऊजींनी तेही लिहून घेतलं, शब्दन् शब्द.

प्राध्यापक मात्र मोकळेपणाने बोलले. पन्नाशीचा उमदा माणूस, टेबलावर कागदांचे नीट रचलेले गठ्ठे. विद्यार्थ्यांनी पेशंटशी कसं वागावं हे शिकवायची नवी पद्धत त्यांनी बसवली होती. अर्ध्या वर्गाला जुन्या पद्धतीने, अर्ध्याला नव्या पद्धतीने शिकवून, पेशंटनी दिलेल्या गुणांवरून कोण वरचढ ठरतं, याचा अभ्यास दोन वर्षं चालला होता. निकाल उत्तम आले होते, पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत ते मांडायचे होते. मावशीबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले. भाऊजींना त्यांची कीव आली.

वहिनींनी विचारलं, कुठल्या खोलीत कुठला आजार, हे आधी कुणाला माहीत असतं?

"कुणालाच नाही. प्रश्न बाहेरच्या कॉलेजातून बंद पाकिटात येतात. पाकीट माझ्या कपाटात होतं. साडेआठला सगळ्यांसमोर फोडलं, तेव्हाच मलाही कळलं आणि मावशीलाही."

"तुम्ही नियमावर बोट ठेवून चालता," वहिनी म्हणाल्या. प्राध्यापक हसले.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. मावशीच्या रक्तात इन्सुलिन भरमसाट होतं, आणि दुसरी तपासणीही तितकीच वर चढलेली होती. वहिनींनी दोन्ही आकडे भाऊजींना लिहायला सांगितले आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या रात्री त्या जेवल्याही नाहीत.

शुक्रवारी अकरा वाजता अधिष्ठातांच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले: प्राध्यापक, परीक्षकबाई, तंत्रज्ञ, मावशीचा नवरा. शिंपी आणि त्याची मुलगी दाराजवळच्या खुर्च्यांवर. भाऊजी वही उघडून बसले. पानं भरली होती, पण त्यांतून काय निघतं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

"मावशीला कुणी सुई टोचलीच नाही," वहिनींनी सुरुवात केली. "शरीर स्वतः इन्सुलिन तयार करतं, तेव्हा त्याच्या जोडीने आणखी एक तुकडा रक्तात सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. बाहेरून टोचलं असतं तर इन्सुलिन वाढलं असतं आणि तो तुकडा खाली गेला असता. मावशीच्या रक्तात दोन्ही वाढलेले आहेत. म्हणजे शरीराला जबरदस्तीने इन्सुलिन ओतायला लावलं गेलं. ते काम मधुमेहाच्या काही गोळ्या करतात, आणि त्याला तासदोनतास लागतात."

परीक्षकबाई सावरून बसल्या. "मग बाटलीत इन्सुलिन कुठून आलं?"

"फ्रीजमधून. ट्रे सोमवारपासून खोलीत होता. त्यातली बाटली मंगळवारी अकरा वाजता बाहेरून ओली होईल इतकी गार कशी? मावशी कोसळल्यावर धावपळीत कुणीतरी ती बदलली, संशय सुईवर आणि शेवटच्या विद्यार्थिनीवर जावा म्हणून. या मुलीला तर तेव्हा दोन माणसांनी धरून बाहेर बसवलं होतं."

शिंप्याने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

वहिनी पुढे बोलत राहिल्या. मावशी उपाशीपोटी फक्त एक गोळी घेते, ठीक आठला. सोमवारी दुपारी डबी फळीवर होती, तेव्हा मंगळवारच्या खणातली गोळी बदलली गेली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, छोट्या. पण विष देणाऱ्याला नशिबावर हवाला ठेवायचा नव्हता. मावशीला खरंच घाम फुटला, ती बरळायला लागली, तर चार डॉक्टर हाताशी असताना ती वाचली असती. ती वाचू नये अशी एकच खोली होती: जिथे साखर उतरल्याचंच सोंग चाललंय. तिथे लोक टाळ्या वाजवणार.

"म्हणजे त्या माणसाला मावशीची भूमिका सोमवारीच माहीत होती. पाकीट मात्र फुटलं मंगळवारी साडेआठला." त्या प्राध्यापकांकडे वळल्या. "तुम्हालाही तेव्हाच कळलं म्हणालात. मग सोमवारी पाच वाजता, नऊ खोल्यांपैकी नेमकं चौथ्या खोलीतलंच साखरेचं यंत्र लागणार नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

 तंत्रज्ञाने मान खाली घातली.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती. पर्स तुम्ही सांभाळलीत, आणि वही नाहीशी झाली. मावशीने आकडे ताडून पाहिले होते ना?"

प्राध्यापकांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग उठले, आपल्या बॅगेतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. भाऊजींना नवल वाटलं. चार दिवस हा माणूस आपला फास बरोबर घेऊन हिंडत होता.

"फाडवली नाही," प्राध्यापक म्हणाले. "मूळ नोंदी आहेत त्या." मग अडखळत सांगत गेले. अभ्यासातल्या गुणांचा तक्ता त्यांनीच कौतुकाने मावशीला दाखवला होता. ती म्हणाली, एवढे गुण मी दिलेच नव्हते. मंगळवारी परीक्षा संपली की ती अधिष्ठातांना भेटणार होती. "पद्धत चांगलीच आहे. आकड्यांत फरक फार थोडा पडत होता. मी फक्त तो दिसेल एवढा केला."

अधिष्ठातांनी फोन उचलला आणि पोलिसांना बोलावलं. 

तेवढ्यात प्राध्यापकांनी मुलीकडे पाहिलं. तिला त्यांनी या चार दिवसांत पहिल्यांदाच विचारलं असावं: "तू कुठल्या गटात होतीस?"

"तुमच्या," मुलगी म्हणाली. "पहिला प्रश्न विचारायच्या आधी पेशंटचा हात हातात घ्या, हे तुम्हीच शिकवलंत, सर."

ते खाली बसले. पोलीस येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मावशी रविवारी शुद्धीवर आली. शब्द सापडायला तिला वेळ लागत होता. चमच्याला ती घड्याळ म्हणे आणि नवरा चमचा पुसून तिच्या हातात देई. शिंप्याची मुलगी रोज संध्याकाळी जाऊन बसे. पंधरा दिवसांनी अधिष्ठाता स्वतः एक कागद घेऊन आल्या. चौथ्या खोलीचे गुण तेवढे भरायचे राहिले होते. नियम असा होता की पेशंटने भरले नाहीत, तर मुलीला ती परीक्षा नव्याने द्यावी लागेल. मावशीने पूर्ण गुण दिले तर कुणाचीच हरकत नव्हती, असं त्यांनी हळूच सुचवलं. त्या दिवशी वहिनी आणि भाऊजीही तिथेच होते.

मावशीने चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. मग पेन टोपण लावून परत दिलं.

"त्या सकाळचं मला काही आठवत नाही," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "जे पाहिलं नाही त्याला गुण कसे देऊ?"

अधिष्ठातांनी कागदाची घडी केली. मुलगी मात्र हसली आणि पुढच्या परीक्षेची तारीख कधी आहे, ते तिने अधिष्ठातांना विचारलं.