म्होरकी

पल्लवीताई, फलटणचा बंगला आम्ही का सोडला ते मी कुणाजवळ काढत नाही. तुम्ही शेजारच्या, रोजचं येणंजाणं, म्हणून सांगते. दार तेवढं लोटून घ्या. अपेक्षा आत झोपलीय.

स्विमिंग पूलची हौस आमच्या ह्यांची. विश्वजितरावांच्या मनात एकदा आलं की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. शेतात एक मोठा खळगा होता, खोदाई वाचली म्हणून खूश. सासरे मात्र नको म्हणत होते. बिराप्पा आबांचं सगळं घराणं माणदेशातलं, मेंढरं राखणारं. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात, ती त्यांच्या वडलांच्या काळात ह्याच खळग्यात धुवायची. पुढं उतरते ती मेंढी म्हणजे म्होरकी. तिच्यामागं सगळा कळप डोळे झाकून जातो. एका साली म्होरकी खोलात गेली, आणि कळप तिच्यामागं गेला. एकही वर आलं नाही.

"बुजवून टाक रं त्यो," आबा म्हणाले. ह्यांनी त्यात निळ्या फरशा बसवल्या.

पूल भरला तेव्हा आबांनी निदान रीत तरी करू द्या म्हणून धरणं धरलं. नव्या पाण्यात म्होरकी उतरवताना तिच्या कपाळाला भंडारा लावतात, गळ्यात काळ्या लोकरीचा दोरा बांधतात. पाण्यानं तिला ओळखावं, दगा देऊ नये म्हणून. पहिली उतरणार होती आमची अपेक्षा. आबांनी मायेनं नातीला भंडारा लावला, दोरा बांधला. मी हसत फोटो काढले. म्हातारं माणूस, म्हटलं, होऊ दे त्यांच्या मनासारखं.

त्या आठवड्यात शेवाळ धरलं.

रात्री क्लोरीन टाकावं, सकाळी तळ लख्ख दिसावा, आणि दुपारपर्यंत भिंतींवर पुन्हा हिरवी बुळबुळीत साय. फिल्टरची वाळू बदलली. पूलवाला येऊन म्हणाला, वैनी, ऊन लय हाय, शेवाळ धरनारच. मी म्हटलं, बाकीच्यांच्या पूलवर ऊन पडत नाही होय? सूर्य काय आमचाच जावई आहे? मग मीच पदर खोचून ब्रश हातात घेतला. घासून घासून हाताची सालटी निघाली.

एकदा पाणी उपसून तळ घासायला उतरले, तर शेवाळात खुणा दिसल्या. बारक्या, मधे चिरलेल्या खुरांच्या. खोल बाजूकडून पायऱ्यांकडं आलेल्या. ह्यांना दाखवल्या तर म्हणाले, ब्रशचे ओरखडे आहेत, उगाच काहीतरी काढू नकोस. मी घासून टाकल्या. पुढच्या वेळी त्या आणखी वर, पायरीला लागल्या होत्या. आणि वास यायला लागला... ओल्या लोकरीचा. धुणं वाळत घातलं तरी कपड्यांना तोच वास.

मी पूलच्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप घालायला लावलं. अपेक्षाला ताकीद दिली. पण पोरीचा जात्याच एक पाय पाण्यात.

चैतातली दुपार होती. लाइट गेलेली, मोटार बंद, झाडाचं पान हलत नव्हतं. मी पापड वाळत घालत होते. कुलूप कसं निघालं ते आजतागायत मला कळलेलं नाही. बघते तर अपेक्षा त्या हिरव्या पाण्यात चालत निघालेली. पोहत नव्हती, चालत होती. पाणी गळ्याला आलं तरी थांबेना.

मी उडी घेतली. ताई, मला पुढं सरकताच येईना. पाण्यात काही दिसत नव्हतं, पण माझ्या पोटाला, मांड्यांना सगळीकडून काहीतरी रेटत होतं. ऊबदार. केसाळ. एकाला बाजूला सारावं तर दुसरं घुसायचं. आणि सगळी तोंडं तिच्याकडं...

आबा काठावर आले. पांढरेफटक पडले होते.

"मंगल, तिला हाक मार. ती वळली तरच वाचंल."

"मग मारा ना तुम्हीच!"

"अगं, ती येकटी न्हाई यायची," आबा रडायला लागले. "समदीच येत्यात मागनं... म्यांच क्येलं गं हे."

पाणी तिच्या ओठांना लागलं. मी कशाचा विचार करणार होते? आई आहे मी. "अपे! माघारी ये!" जीव तोडून ओरडले.

ती वळली. शांतपणे चालत आली, पायऱ्या चढली. मी तिला उराशी धरलं आणि मागं पाणी भसाभस खाली गेलं. भरल्या बादलीतून दगड काढावेत आणि पाणी उतरावं तसं. काठाची फरशी लांबपर्यंत ओली झाली, पार घराच्या दारापर्यंत. पूलमधलं पाणी नितळ होतं. नंतर त्याला कधी शेवाळ धरलं नाही.

आबांनी दोरा तोडून जाळला. आम्ही सांगलीला आलो. इथं या विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर, बादलीनं आंघोळ. मला वाटलं, सुटलो.

काल सकाळी तिला शाळेत सोडायला निघाले. चौकात एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. जतकडचा असावा, डोक्याला पटका. आम्ही रस्ता ओलांडला, पलीकडं पोचलो, तरी तो हलेना. मागं हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, जा की दादा, झालं आमचं.

त्यानं हात वर केला. "सावकाश येऊ द्या वैनी. शेवटलं लंगडं हाय."

मी वळून बघितलं. रस्ता मोकळा होता. अपेक्षा मात्र माझा हात सोडून उभी राहिली होती, ते शेवटचं येऊन पोचेपर्यंत.