तीन कोनांची चावी

घड्याळजी नाहीसे झाल्याची बातमी पोलीस ठाण्याला सगळ्यात शेवटी कळली. आधी ती जगाला कळली, मग गल्लीला, मग हवालदाराच्या फोनला. हवालदाराने चहाचा कप बाजूला सारून फोन पुढे केला, तेव्हा कुठे ती फौजदारबाईंना कळली.

व्हिडिओत आधी नुसता काळोख. मग शटर कुरकुरत वर जातं. जमिनीवर उजेडाची पट्टी पसरते. पट्टीत दोन पाय, मग गुडघे, मग घड्याळजींच्या चिरंजीवाचा चेहरा.

"बाबा?"

खुर्ची रिकामी. डोळ्याला लावायचं भिंग टेबलावर. मागचं दार नुसतं लोटलेलं. चिरंजीव खाली बसतो आणि हमसून हमसून रडतो. त्याच्या रडण्याखाली लाल बदामांची रास आणि जोडलेल्या हातांची चित्रं.

"ठाण्यात फोन कुणी केला?" बाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. पुढे पाठवला मात्र सगळ्यांनी."

बाईंच्या तोंडात चहा कडू झाला. सख्खी मावसबहीण गेल्याचं त्यांना असंच एका ग्रुपवर कळलं होतं, एका विनोदाच्या आणि एका सुप्रभातच्या मधोमध. त्यांनी टोपी उचलली.

घड्याळजी म्हणजे साधा माणूस. घड्याळं दुरुस्त करता करता आयुष्य पाठीला बाक काढून गेलं. चिरंजीवाने एकदा गंमत म्हणून त्यांचं काम फोनमध्ये टिपलं, आणि लोकांनी म्हाताऱ्याला डोक्यावर घेतलं. चिरंजीवाने नोकरी सोडली. टेबलावर स्टँड आला, दिवा आला, कॉलरला चिकटवायचा माइक आला. घड्याळजी शिंकले तरी त्याचा व्हिडिओ होई.

दुकानाकडे जाताना बाईंनी गाडीत जुने व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाचा शेवट ठरलेला. घड्याळजी गळ्यातला काळा दोरा ओढत, त्याला लोंबणारी पितळी चावी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला देत आणि चावी पुन्हा शर्टाआड टाकत. "ह्याला रोज घास लागतो," ते म्हणत. "एक दिवस चुकला, की दुसऱ्या दिवशी रुसलंच."

एका व्हिडिओत त्यांनी दोऱ्याची गोष्ट सांगितली होती. हाताखालच्या एकाने चावी जास्त पिळून स्प्रिंग तोडली. तेव्हा चावी जिथे बसते तो खिळा घड्याळजींनी कानशीने घासून तीन कोनी केला आणि त्याच्या मापाची एकच चावी स्वतः घडवली. "आता हे माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. घरात एवढं तरी एक असावं." खाली लोकांनी हसून घेतलं होतं.

दुकानात चिरंजीव डोळे पुसत उभा होता. बाईंनी विचारलं, रात्री बाबा इथे कसे? तो म्हणाला, काम तुंबलं की ते माळ्यावरच झोपतात.

"शटर वर जाताना फोन आत होता. धरला कुणी होता?"

"कुणी नाही, बाई. संध्याकाळीच स्टँडवर लावून जातो आणि लांबून चालू करतो. दुकान उघडतानाचा देखावा लोकांना आवडतो. रोजचंच आहे."

खरंच रोजचंच होतं. जुन्या व्हिडिओंतही शटर असंच वर जात होतं.

"अंगावर काय होतं?"

"पांढरा शर्ट. गळ्यात चावी. ती ते अंघोळीलाही काढत नाहीत."

तेवढ्यात सूनबाई माळ्यावरून उतरली. हातात गोळ्यांचं पाकीट. ती बाईंना म्हणाली, ह्या त्यांच्या हृदयाच्या गोळ्या इथेच राहिल्यात, डॉक्टरांनी बजावलंय, एखादी चुकली तर चालेल, पण ओळीने चुकल्या तर जिवावर बेतेल. बोलता बोलता ती रडली. चिरंजीवाने फोन तिच्याकडे वळवला.

"जरा पुन्हा सांग. इकडे, उजेडात ये."

ती उजेडात आली आणि पुन्हा रडली. ते रडणं खरं होतं. बाईंना शिसारी आली ती फोन धरणाऱ्या हाताची. पण शिसारी म्हणजे पुरावा नव्हे.

शेजारी मोबाइलवाला. त्याला विचारलं तर तो आधी उडवाउडवी करायला लागला. शेवटी कबूल झाला, आदल्या दिवशी घड्याळजींशी त्याचा खटका उडाला होता.

"कशावरून?"

"स्टँड मी विकला म्हणून. म्हणाले, उद्यापासून हा काचेचा डोळा माझ्या टेबलावर नको. घरात कुणी बोलत नाही, सगळे मला बघतात नुसते."

"आणि मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं तुमच्या मनात होतं, असं गल्ली म्हणते, ते?"

मोबाइलवाल्याचा चेहरा पडला. "मनात होतं, मॅडम. मनात तर काय, विमानही आहे."

घड्याळजींची थोरली लेक दूरच्या शहरात असते. ती फोनच्या चौकोनातून बोलली. बाबा अगदी खुशीत होते, असं तिने छातीठोक सांगितलं. रोज बघायची ना ती.

"शेवटचं बोललात कधी?"

"त्यांच्या व्हिडिओला बदाम टाकत होते की मी रोज," ती म्हणाली.

पुढचा दिवस शोधात गेला. सूनबाई हवालदाराबरोबर दवाखान्यांतून फिरली, शेवटी शवागारातही डोकावून आली. चिरंजीव दुकानातच बसून होता, कारण लोक वाट बघत होते. दुपारी बायको हवालदाराबरोबर दुकानात आली, तेव्हा त्याने तिला थांबवून पुन्हा एक व्हिडिओ केला. मागे भिंतीवरचं घड्याळ रुसलेलं. लंबक सरळ, मेल्यासारखा. बाई तेव्हा तिथेच होत्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. खाली कुणीतरी लिहिलं, बाबांसाठी घड्याळ तरी चालू ठेवा. मग काय, एक मेंढरू गेलं तिकडे सगळा कळप. जो तो तेच लिहू लागला. म्हाताऱ्याच्या गोळ्यांचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी हवालदाराने नवा व्हिडिओ दाखवला. चिरंजीव हात जोडून बसलेला. "तुमच्यासाठी, बाबांसाठी," तो म्हणत होता.

बाईंनी आवाज मोठा केला. त्याच्या शब्दांमागे काहीतरी होतं. टिक. टिक. टिक.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

दुकानात चिरंजीव होता, सूनबाई होती. मोबाइलवाल्यालाही बाईंनी बोलावून घेतलं. आधी त्यांनी स्टँडकडे बोट केलं. "तो डोळा बंद करा."

चिरंजीवाने फोनला बोट लावलं. "केला."

मग बाईंनी सूनबाईला सांगितलं, घड्याळाला चावी द्या. ती गोंधळली. बाईंनी कपाटातला जुन्या चाव्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला. तिने एक लावली, दुसरी लावली. मोबाइलवाल्यालाही राहवेना, तोही लावून बघू लागला. डबा संपला. एकही चावी त्या तीन कोनांवर बसली नाही.

"बसणारच नाही," बाई म्हणाल्या. "चावी जगात एकच, आणि ती घड्याळजींच्या गळ्यात. हे मला कुणी सांगितलं? एकच आहे हे घड्याळजींनी व्हिडिओत, गळ्यात होती हे चिरंजीवांनीच. काल दुपारी घड्याळ बंद होतं. आज चालू आहे. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी घड्याळजींना भेटून चावी आणली. ते कुठे आहेत, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे."

लंबकाखेरीज काही हलत नव्हतं.

"मला आधी तुमचा संशय होता," त्या मोबाइलवाल्याला म्हणाल्या. "पण तुम्हाला दुकान हवं होतं. ह्या घड्याळाचं तुम्हाला काय सोयरसुतक? ते बंदच राहिलं असतं तर तुमचं काय बिघडत होतं? सूनबाई काल दिवसभर माझ्या हवालदाराबरोबर होत्या. घड्याळ चालू करायची घाई एकालाच होती. लोकांनी फर्माईश केली आणि ह्यांना राहवलं नाही. बापाला लपवताना ह्यांनी सगळा विचार केला होता. पण इतक्या लोकांना नाही म्हणायचं बळ अंगात नव्हतं. खिसा रिकामा करा, चिरंजीव. आज पुन्हा चावी द्यावी लागणार, म्हणजे ती जवळच असणार."

चिरंजीव हसायला गेला, पण ते जमलं नाही. हवालदाराने त्याच्या खिशातून काळा दोरा ओढला. टोकाला पितळी चावी.

सूनबाई पुढे आली. "बाबा कुठे आहेत?"

"मजेत आहेत," तो म्हणाला. "मित्राची खोली आहे, जुन्या गोदामाच्या वर. दुकानात वाळवीचं औषध मारायचंय म्हणून रात्रीच घेऊन गेलो. बाबा हे व्हिडिओच बंद करायला निघाले होते गं. मी म्हटलं, लोकांचं प्रेम एकदा दिसलं की विचार बदलतील. उद्या मीच शोधून आणणार होतो."

"गोळ्या?"

"न्यायच्या होत्या. पण पाकीट तू व्हिडिओत दाखवलंस. ते इथून हललं असतं तर..."

"विकत मिळतात."

"औषधवाल्याने ओळखलं असतं. आता सगळेच ओळखतात मला." आणि हे बोलताना, एवढ्या सगळ्यातही, त्याची मान जराशी ताठ झाली. ती बाईंनी पाहिली आणि बायकोनेही पाहिली.

"मी प्रेतं बघून आले," सूनबाई म्हणाली. "चादर वर करून. आणि तू मला उजेडात ये म्हणालास."

खोलीला बाहेरून कुलूप होतं. हवालदाराने ते तोडलं. घड्याळजी भिंतीला टेकून बसले होते. ओठ काळेनिळे, छातीचा भाता झालेला. सूनबाईने पाकीट फोडून गोळी त्यांच्या ओठांत दिली. पाण्याचा घोट गेल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले.

"घड्याळ चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. "तो म्हणाला, बंद पडलंय. म्हणून दिली चावी. माझ्या गोळ्या आणतो म्हणाला होता."

दवाखान्याच्या ओसरीत हवालदार अवघडून बाईंजवळ आला. स्टँडवरचा फोन बंद झालाच नव्हता. चिरंजीवाने बोट नुसतंच लावलं होतं. चाव्यांचा डबा, खिशातला दोरा, बायकोचे शब्द, सगळं जसंच्या तसं लोकांनी थेट पाहिलं होतं. कबुलीजबाब आयता मिळाला होता. सापळ्यात शिरताना उंदराने पिंजरा स्वतःच्या हातांनी लावून घेतला होता.

"खाली लोक काय म्हणताहेत?" बाईंनी विचारलं.

हवालदाराने वाचून दाखवलं. "भारी. पुढचा भाग कधी?"

बाईंनी फोन त्याच्या हातात उलटा ठेवला.

घड्याळजी वाचले. चालता येऊ लागल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, दुकानात जायचं. बाई आणि सूनबाई त्यांना धरून घेऊन आल्या. गल्ली माणसांनी फुलली होती. सगळ्यांचे हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन. म्हाताऱ्याने एकेक चेहरा शोधला, पण चेहरे फोनांच्या मागे होते. "इकडे बघा, बाबा," एवढंच सगळीकडून ऐकू येत होतं. बरं वाटतंय का, हे कुणी विचारलं नाही. थोरली लेकही एका फोनच्या चौकोनात होती. तो फोन मोबाइलवाल्याने उंच धरला होता.

दुकानात शिरून घड्याळजी घड्याळापाशी गेले. हवालदार रोज इमानाने चावी देत होता, त्यामुळे लंबक हलत होता. त्यांनी एक बोट पुढे करून तो थांबवला. टिकटिक थांबली. मग त्यांनी बाईंना शटर ओढून घ्यायला सांगितलं.

शटर खाली आलं. हात दिसेनासे झाले आणि आवाज दबले. काळोखात घड्याळजी आपल्या खुर्चीवर टेकले आणि शेजारचं स्टूल सुनेकडे सरकवलं.

"बस, पोरी," ते म्हणाले. "आता सांग. तू कशी आहेस?"