एकशे दहा किलोंचे दहा किलोमीटर

"मामा, वळ ना! दमले मी!"

खारू जिवाच्या आकांतानं ओरडली, पण मामा केव्हाच पुढे गेला होता. एकशे दहा किलोंचा तिचा मामा, हेवीवेट मुष्टियुद्धाचा चॅम्पियन, कालव्याच्या कडेनं धावत होता. शेजारून कोचकाका सायकल हाकत होते आणि त्यांची नजर हँडलवरच्या अंतर दाखवणाऱ्या मीटरला चिकटली होती.

खारू पंपघराच्या पायरीवर धपकन बसली. शाळेत लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिचा पहिला नंबर ठरलेला, पण पाच किलोमीटर झाले की तिची हवा गुल व्हायची. आणि हा माणूस बघा! कपाटाएवढी पाठ, खांबासारखे पाय, पण पावलं इतकी हलकी की पाण्याकाठचे बगळेसुद्धा जागचे हलले नाहीत. रोज बघूनही तिच्या अंगावर काटा यायचा.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेची पाच किलोमीटरची शर्यत पुलापासून सुरू होते आणि इथे, पंपघराशी संपते. मामाही पुलापासूनच निघतो. पाच जायचे, पाच यायचे. मग तो इथे वळला का नाही? तो वळला पार तिकडे, वीटभट्टीपाशी!

व्यायामशाळेत परत आल्यावर कोचकाकांनी घड्याळ दाखवलं. "चौसष्ट मिनिटं! तीन आठवडे झाले, तेच रडगाणं. महिन्यापूर्वी तू चोपन्नात यायचास!"

मामा टॉवेलनं नुसता मान पुसत राहिला.

"बारा फेऱ्यांची लढत आहे, चॅम्पियन. दम संपलेल्या माणसाला मी रिंगमध्ये मार खायला सोडणार नाही. शुक्रवारी शेवटची चाचणी. दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांच्या आत, नाहीतर लढत रद्द. पत्र लिहून ठेवलंय मी."

"बरोबर आहे सर," मामा हळूच म्हणाला. "वय झालं माझं."

 खारू पुढे सरसावली. "कोचकाका, मामा जास्त पळतोय! पाच किलोमीटर पंपघरापाशीच होतात!"

"तुमच्या शाळेनं पावलं टाकून मोजले असतील! माझा मीटर कधी चुकत नाही, कळलं? पळा आता!"

खारू पळाली, ती थेट तिच्या दोस्तांकडे, भोंगा आणि फूटपट्टीकडे. भोंग्याचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जायचा. फूटपट्टी उंच, काटकुळा, आणि दिसेल ते मोजत सुटणारा. सुट्टी लागल्यापासून त्यानं घरातले सगळे दरवाजे मोजून संपवले होते.

"तो मीटर चालतो कसा?" खारूनं विचारलं.

"सोपं आहे," फूटपट्टी म्हणाला. "चाकाच्या तारेला लोहचुंबक असतो. चाक एकदा फिरलं की मीटर एक वेढा धरतो. चाकाचा घेर केवढा, ते त्याला आधी सांगून ठेवायचं असतं."

"आणि चाक बदललं तर?"

तिघांनाही एकदम आठवलं. कोचकाकांनी नवी सायकल घेऊन बरोबर तीन आठवडे झाले होते! मीटर मात्र जुनाच, त्यांनी स्वतःच्या हातानं काढून नवीवर बसवलेला.

दुपारी भोंगा साळसूदपणे व्यायामशाळेत गेला. "कोचकाका, सायकल चिखलानं भरलीय. पुसून आणू?"

"अरे वा! आण की!" कोचकाका खूश.

सायकल शाळेच्या मैदानावर पोचली. चुन्यानं आखलेली चारशे मीटरची धावपट्टी. खारूनं आतल्या रेषेला धरून सायकलवर एक फेरी मारली. मीटरनं दाखवले तीनशे त्रेचाळीस! फूटपट्टीनं चाकाभोवती दोरा गुंडाळला. "दोनशे तेवीस सेंटिमीटर!" व्यायामशाळेच्या मागच्या पडवीत कोचकाकांची जुनी सायकल गंजत पडली होती. तिच्या चाकाचा घेर निघाला एकशे एक्याण्णव. म्हणजे मीटर अजून तोच घेर धरून मोजत होता!

"चला, सांगू या!" भोंगा उड्या मारायला लागला.

"सांगून ऐकतील का ते? म्हणतील, मैदानच चुकलं," खारू म्हणाली. मग ती गालात हसली. "थांब. आपणच तसं म्हणू या."

चमचमती सायकल परत करताना भोंग्यानं गळा काढला. "कोचकाका, फसवणूक! शाळेचं मैदान चारशे मीटरचं नाहीच! तुमच्या मीटरनं मोजलं, तीनशे त्रेचाळीस भरलं!"

"काय?" कोचकाका ताडकन उठले. "अरे, ते मैदान मी आखलंय! पोलादी टेप घेऊन, भर उन्हात, तीनदा मोजून! चारशे म्हणजे चारशे! त्यात एका बोटाचाही फरक नाही!"

"नक्की?" खारूनं विचारलं.

"अगदी नक्की!"

"मग मीटर खोटा बोलतोय का, काका?"

 फूटपट्टीनं दोन्ही चाकांचे दोरे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. कोचकाकांनी ते शेजारी शेजारी धरले, तर एक दोरा चांगला वीतभराहून लांब भरला.

"म्हणजे दहा म्हणून मी याला रोज साडेअकराच्या वर..."  त्यांनी कागद ओढून हिशेब मांडला. "चौसष्ट मिनिटांत एवढं अंतर! म्हणजे दहा किलोमीटर चोपन्न मिनिटं एकोणपन्नास सेकंदांत. अरे देवा! एकशे दहा किलो वजन घेऊन, रोज, एकदाही न थांबता! आणि मी याला थकला म्हणालो!"

मामा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. "कागदावरचं राहू द्या, सर," तो म्हणाला. "शुक्रवारी पळून दाखवतो."

शुक्रवारी सकाळी मीटर खिशात गेला. मामा पंपघराला वळसा घालून परत फिरला आणि तिथेच थांबलेली खारू त्याच्यासोबत सुटली. पहिला किलोमीटर ती बरोबरीनं धावली. दुसऱ्यात मागे पडली. मग ती रुंद पाठ लहान लहान होत गेली आणि कालव्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. धापा टाकताना खारूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, आणि असा धावतो! आपल्या घरातला!

ती पुलावर पोचली तेव्हा तिथे नुसता कल्ला चालला होता. "त्रेपन्न चाळीस!" भोंगा बोंबलत होता. कोचकाकांनी खिशातलं पत्र टराटरा फाडलं आणि तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे पोरांनो! माझी चूक शोधलीत, वर माझ्याच तोंडून वदवलीत! लढतीला तुमच्या खुर्च्या पहिल्या रांगेत."

मामा मात्र घामानं निथळत खारूसमोर गुडघ्यावर बसला.

"मला वाटलं होतं, मी संपलो," तो म्हणाला. "तुला एकदाही तसं वाटलं नाही?"

"कसं वाटेल?" खारू धापा टाकतच म्हणाली. "तीन आठवडे मी रोज तुझ्यामागे धावतेय. मला तू एकदाही सापडला नाहीस!"