धाकू मेस्त्रींचा ओळंबा

बाईने घमेलं उचलावं, माल कालवावा, त्याला कोणाची हरकत नसते. तिने थापी हातात धरली की मात्र रत्नागिरीतल्या गवंड्यांच्या पोटात दुखायला लागतं. गोदाने अर्धं आयुष्य घमेली वाहिली, तेव्हा कुठे धाकू मेस्त्रींनी तिला चिरा घडवायला आणि रचायला शिकवलं. वारायच्या आधी भिंतीचा सरळपणा बघायचा, सुताला वजन टांगलेला आपला पितळी ओळंबाही तिच्या हातात दिला. आता मांडवीतल्या अजराभाभींच्या नव्या खोलीचं काम तिच्या एकटीच्या नावावर होतं. हे नीट उतरलं तर गोदा गवंडी, नाहीतर परत घमेलं.

हाताखाली महिपत होता, जन्माचा चेष्टेखोर. "काय गो मेस्त्रीणबाय, आज भिंत सरळ की वाकडी?" हे त्याचं रोजचंच.

समुद्राकडच्या कोपऱ्यात थर छातीपर्यंत आले, तेव्हा अजराभाभींनी रस्त्यापलीकडून हाक मारली. "गोदाताई, कोपरा बाहेर आलाय हो."

"ओळंब्यात आहे, भाभी."

"असू दे ओळंब्यात. इथून बघा तरी."

गोदाने जाऊन बघितलं. कोपरा चक्क बाहेर झुकला होता. तिने वरचे थर उतरवले, पुन्हा रचले, एकेका चिऱ्याला ओळंबा लावला. संध्याकाळी कोपरा तसाच.

"ह्यांचा दुबईहून फोन होता," भाभी खाली बघत म्हणाल्या. "दुसरा गवंडी बघ म्हणतात. मी दोन दिवस थांबते, ताई."

सकाळी वारा अगदी पडलेला होता. महिपतने भिंतीवर चढून सूत सोडलं. गोदा खाली उभी राहिली. वजन थरथरलं, थांबलं आणि तिच्याकडे झुकून राहिलं. ती उजवीकडे सरकली. वजन उजवीकडे आलं. ती डावीकडे गेली तसं तेही गेलं, आईमागून फिरणाऱ्या पोरासारखं.

"मस्करी पुरे हां, महिपत."

"आईशप्पथ, मी काय करत नाय." त्याने सूत दोन्ही हातांनी धरलं. "तू जरा लांब हो बघू."

ती कुंपणाजवळच्या माडापर्यंत मागे गेली. सूत सरळ झालं.

तिने बाजारातून नवा ओळंबा आणला. तोही तिच्याकडेच आला.

दुपारी तिने धाकू मेस्त्रींचं घर गाठलं. त्यांची बायको यमुनाबाई अंगणात सुपारी सोलत होती. गोदाने सगळं सांगितलं, तसे म्हातारीचे हात थांबले.

"ह्यांचंपण असंच झालं. शिमग्यात सुरू झालं. मग घरातलं टांगलेलं शिंकंसुद्धा सरळ राहीना, ह्यांच्याकडेच यायचं. ते आपले त्याला चुकवायला खाट फिरवत बसायचे."

"मग?"

"मग काय, गो. गणपती नाय बघितले त्यांनी." तिने पुन्हा सुपारी हातात घेतली. "जेवून जा."

गोदा भर उन्हात परत निघाली. ती घाबरली होती, आणि त्याहून तिला राग आला होता. एवढं सगळं सोसून, आता कुठे नाव होणार होतं!

भिंत मात्र तिने सोडली नाही. वाकडे थर उतरवून महिपतच्या हातात थापी दिली, ओळंबा दिला आणि स्वतः माडाखाली उभी राहून सांगत राहिली. जरासा आत घे. ठोक. बस.

भिंत सरळ उतरली. भाभींनी पुन्हापुन्हा हात फिरवून बघितला. "पुढची दिवाळी झाली की माझ्या नणंदेचं घर काढायचंय. तुम्हीच यायचं, गोदाताई."

पुढची दिवाळी. गोदाने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "महिपत मेस्त्री येतील."

महिपत हसला नाही.

"ओळंबा ठेव तुझ्याकडे," ती त्याला म्हणाली. "धरत जा रोज, म्हणजे हात बसेल."

ती निघाली. माडाजवळ पोचल्यावर तिने मागे बघितलं. महिपत ओळंब्याचं सूत हातात धरून उभा होता.

सूत तिच्याकडे झुकलं होतं.

ती भराभर चालत पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. तिथून पुन्हा बघितलं.

महिपत दुसऱ्या हाताने वजन धरून सरळ करत होता. हात काढला की ते परत तिच्याकडे येत होतं.