कोळणीच्या दारातला दगड

पार्थ, मोबाईल ठेव खिशात. ओंकार, दार लोट जरा. ह्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. खोटं निघालं, तर उद्या डेअरीत माझ्या दुधाला पाण्याची फॅट लागो.

माझा साडू बिभीषण, घाटावरल्या दुष्काळी कर्जतकडचा. त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं सणकतं. गेल्या दसऱ्यानंतर पिकअप घेऊन हा समुद्र बघायला गेला. कोकणातला जुना कोळीवाडा. वाळूत रुतलेल्या तोफा, वाळत टांगलेले बोंबील. तिथं एका म्हातारीच्या दारात ह्याला दगड दिसला. मणभराचा, मधोमध भोक. होडी वाहून जाऊ नये म्हणून पूर्वी असला दगड दोराला बांधून पाण्यात सोडायचे. पण आमच्या पठ्ठ्याला आठवली म्हैस!

"दावं बांधाया लई झ्याक." उचलला, टाकला गाडीत.

म्हातारी धावत आली. "ठेव तो! माज्या घोवाचा हाय. घोव दर्यात गेला, दगड हितं रायला. तो बघूनच घर वलकंल!"

हा हसला. "मावशे, दगडच हाय. दुसरा बघ की." आणि गाडी काढली. सांगा, ही काय माणसाची जात झाली?

सोमवारी कोजागिरी. रात्री बारा वाजून दहा मिनिटं. गोठ्यात म्हैस रेकायला लागली. सात महिन्यांची गाभण. बिभीषण बॅटरी घेऊन आत गेला. दावं ताणलेलं. म्हशीचे डोळे बाहेर आलेले. आणि दगड... सरकत होता. दाराकडं.

बाहेर पावलं वाजली. ओली. चप्प... चप्प...

"कोन हाय?" ह्यानं आतून विचारलं.

"हिरे." पुरुषाचा आवाज. दमलेला. "दार उघड."

ह्यानं कडी घातली. पाठ लावून उभा राहिला.

"हिरे... मी आलोय."

मग काही नाही.

विळ्यानं दावं कापलं म्हणून म्हैस वाचली. बायकोनं, मनकर्णानं, पहाटे त्याला शिव्यांनी धुतला आणि दगडासकट कोकणात पिटाळला.

म्हातारीनं दगडाकडं पाहिलंच नाही. ह्याच्याकडं पाहिलं.

"आलेला?"

"व्हय."

"काय बोलला?"

"हिरे, दार उघड... म्हनला."

हिरा हे तिचं नाव ह्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"उघडलंस?"

बिभीषणानं मान खाली घातली.

"वीस वर्सं मी दाराला कडी लावली न्हाई, भाड्या! वीस वर्सं! आनि तो आला तवा तू कडी घातलीस?"

ती आत गेली. तिनं कडी लावली.

दगड तिच्या दारात ठेवून हा परतला. म्हैस पुढं सुखरूप व्याली. पण गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, एक पांढरी रेघ उमटलीय. सरळ, पूर आल्यावर राहते तशी. आमच्याकडं पाणी येतं ते टँकरनं! मी बोट फिरवून जिभेला लावलं.

मीठ.

खरवडली, वर चुना मारला. तरी आठ दिवसांत परत येते. परवा गेलो होतो तेव्हा बघितली...

बोटभर वर सरकलीय.